लोहचुंबक आणि अलिबागची वेधशाळा

बंगळुरात उच्चारलेला शब्द रेडिओतून आपल्या कानी पडतो, त्यालाही लोहचुंबकाचे साहाय्य असते. लाउडस्पीकरमध्ये चुंबकाजवळ तारेचे वेटोळे असते. त्यातील विजेचा प्रवाह बदलला की ते मागेपुढे होऊन पडदा हालवते. पंख्याची मोटरही याच तत्त्वावर फिरते.

लोखंडात असंख्य सूक्ष्म चुंबकीय विभाग असतात. एरवी त्यांच्या दिशा भिन्न असल्याने त्यांचे बळ परस्परांत जिरते. ते एका दिशेस वळले की लोखंडाचे चुंबक होते. विजेचा प्रवाहही भोवताली चुंबकत्व निर्माण करतो, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखविले.

या नियमापायी एका वेधशाळेस मुंबई सोडावी लागली. कुलाब्यास १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन होत असे. शहरात विजेची ट्रॅम येणार म्हणताच तेथील नाजूक चुंबकसूचींची स्थिरता धोक्यात आली. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागेस नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात लोखंडास मज्जाव होता. दोन वर्षे दोन्हीकडील नोंदी ताडून पाहिल्यावरच कुलाब्याचे मापन थांबले. ट्रॅम १९०७ मध्ये आली, १९६४ मध्ये गेली. अलिबागची नोंदवही मात्र आजही चालू आहे.