कॅमेरा बसवा आणि विसरा

आमच्या खोपटच्या चाळीतला एक मुलगा परवा विचारत होता, “काका, मोटारसायकलवर लावायला कुठला कॅमेरा घेऊ?” मी म्हटलं, “कुठला ते नंतर बघू. आधी सांग, तो बसवणार कुठे आणि त्यातून बघायचंय काय?” त्याला वाटलं, काका टाळतायत. पण मंडळी, कॅमेऱ्याची निवड याच प्रश्नापासून सुरू होते, हे मला स्वतःला कळायला दोन पावसाळे लागले.

पावसाळ्यात एखाद्या रविवारी आम्ही आठ जण मोटारसायकलींवरून माळशेजला जातो. पहाटे साडेपाचला खोपटच्या एस.टी. डेपोजवळ चहा घ्यायचा आणि मग कल्याण, मुरबाड, टोकावडे करत घाट गाठायचा. अंतर शंभरेक किलोमीटर. या सहलीचं चित्रण करावं असं सगळ्यांच्याच मनात होतं. अंगावर किंवा वाहनावर बसवायचे छोटे कॅमेरे आता सर्रास मिळतात. निक वुडमन या लाटांवर खेळणाऱ्या तरुणाने मनगटावर बांधायचा पहिला ‘गोप्रो’ २००४ साली विकायला आणला. त्यात तेव्हा चक्क ३५ मिलिमीटरची फिल्म होती!

पहिल्या वर्षी मी मोबाइलच हँडलला लावला. ते करू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा अतिशय नाजूक असते. मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने ती बिघडू शकते, अशी सूचना अ‍ॅपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच काढली होती. छोट्या कॅमेऱ्यालाही थरथरीचा त्रास होतोच, पण वेगळा. त्यातलं चित्र वरून खाली, ओळीओळीने टिपलं जातं. तेवढ्यात कॅमेरा हलला की वरची ओळ एकीकडे आणि खालची दुसरीकडे जाते, आणि रस्ता जेलीसारखा डुलताना दिसतो. उपाय साधा आहे. कॅमेऱ्याचा दांडा जितका आखूड, तितकी थरथर कमी. हँडलच्या मधोमध आखूड पकड लावा आणि तिच्याखाली रबराची पट्टी घाला. शिवाय एक बारीक दोरी गाडीला बांधून ठेवा, म्हणजे पकड सुटली तरी कॅमेरा मागच्याच्या चाकाखाली जाणार नाही.

हेल्मेटवर लावला तर मान वळेल तसं चित्र वळतं आणि बघणाऱ्याला गरगरतं. पण खरी अडचण वेगळी आहे. हेल्मेटचा गुळगुळीत गोलावा मुद्दाम ठेवलेला असतो. पडल्यावर ते घसरावं, कशात अडकू नये, म्हणून. त्यावर टणक वस्तू चिकटवणं धोक्याचं. केरळच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये याला मनाई केली, ती याच काळजीपोटी.

आठ गाड्यांना आठ कॅमेरे लागत नाहीत, दोन पुरतात. पहिल्या गाडीच्या सीटमागच्या दांडीवर एक, मागे तोंड करून. शेवटच्या गाडीच्या हँडलवर दुसरा, पुढे तोंड करून. निघताना दोन्ही सुरू करून एकदा जोरात टाळी वाजवायची. नंतर जोडकाम करताना तीच खूण धरून दोन्ही चित्रणं जुळवता येतात. सेकंदाला ६० मेगाबिट या दराने तासाला २७ जीबी जागा लागते, म्हणून जलद नोंदणारं १२८ जीबीचं कार्ड घ्यावं. पावसात चार्जिंगची वायर जोडू नये. झाकण उघडलं की पाण्यापासूनचं संरक्षण गेलं. बॅटऱ्या थांब्यावर बदलाव्यात, काचही तिथेच पुसावी.

‘थांब्यावरच’ असं मी बजावतो, त्याला कारण आहे. दुसऱ्या वर्षी टोकावड्याच्या अलीकडे मला शंका आली, लाल दिवा लागलाय ना? मान खाली घातली, एक बोट कॅमेऱ्याकडे नेलं. वर बघितलं तेव्हा पुढचं चाक डांबर सोडून खडीत उतरलेलं होतं. ताशी ६० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. तेवढा रस्ता मी न बघता कापला होता. सावरलो, एवढंच.

त्याच सहलीचं शेवटच्या गाडीवरचं चित्रण घरी बघत होतो. एका सरळ पट्ट्यात एक गाडी मैलाच्या दगडाशेजारून गेली, तिच्याच रेषेतली मागची गाडीही गेली. मधली चित्रं मोजली. सेकंदाला ३० चित्रं या हिशेबाने निदान ६० भरायला हवी होती, म्हणजे दोन सेकंद. भरली २४. अंतर जेमतेम १३ मीटर! पुढच्याने ब्रेक मारला असता तर? आणि आम्ही सगळे शपथेवर सांगत होतो की चांगलं तीस मीटर अंतर ठेवलं होतं.

म्हणून शेवटच्या गाडीचं भिंग फार रुंद कोनाचं ठेवू नका. रुंद कोनात पुढच्या गाड्या ठिपक्यांएवढ्या दिसतात आणि होतं त्याहून जास्त अंतर असल्याचा भास होतो. मध्यम कोन ठेवा आणि घरी दगड ते दगड मोजा. आता आम्ही तिरप्या रांगेत जातो. शेजारच्या रेषेतल्या पुढच्या गाडीपासून एक सेकंद, आपल्याच रेषेतल्या गाडीपासून दोन. घाटाच्या वळणांवर एकेरी रांग, आणि ओल्या रस्त्यावर अंतर त्याहूनही जास्त.

चाळीतल्या त्या मुलाला मी शेवटी हेच सांगितलं. कॅमेरा कुठलाही घे, पण खोपटला सुरू केलास की थांब्यापर्यंत त्याला विसर. त्याचं काम तो करेल, रस्त्याकडे बघायचं काम तुझं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)