स्पॅनिशमधला मुका ‘यू’

स्पॅनिश शिकणारा साध्या वर्तमानकाळात जरा स्थिरावतो न स्थिरावतो, तोच इच्छा, शंका, विनंती सांगणारी ‘सुबखुन्तीवो’ रूपे पुढ्यात येतात. नियम सोपा असतो: ‘-आर’ने संपणाऱ्या क्रियापदात ‘आ’च्या जागी ‘ए’ आणायचा. ‘पागा’ म्हणजे तो पैसे देतो. ‘पागे’ म्हणजे त्याने द्यावेत. कानाला काहीच खटकत नाही. लिहिताना मात्र ‘जी’नंतर एक मुका ‘यू’ घालावा लागतो, नाहीतर तो ‘जी’ घशात खरखरतो आणि ‘पाखे’ असे काहीतरी वाचले जाते. ‘तोकार’, म्हणजे स्पर्श करणे, याच्या ‘तोके’त तर ‘सी’ची हकालपट्टी होऊन ‘क्यू’ आणि ‘यू’ येतात. अशा क्रियापदांना अपवादांच्या यादीत टाकणे मला अन्यायाचे वाटते. ती पूर्ण नियमित आहेत. गोची अक्षरांची आहे.

रोमन वक्ता सिसेरोच्या काळी लॅटिनमधला ‘सी’ सरसकट ‘क’ होता. त्याचे स्वतःचे नावही ‘किकेरो’ असेच उच्चारले जाई. पुढे बोलीत ‘ए’ आणि ‘इ’च्या आधीचे ‘क’, ‘ग’ टाळूकडे सरकले आणि बदलले. अक्षरे जुनीच राहिली. (मराठीत ‘पागे’च्या उलटे: ‘माझा’ आणि ‘माझी’तले ‘झ’ वेगळे ऐकू येतात, पण लिपी त्याची दखलच घेत नाही.)

खरी गंमत ‘पागार’, म्हणजे पैसे देणे, याच्या पूर्वजात आहे. लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे, याचे इच्छार्थी रूप ‘पाकेम’. ‘शांतता’ या नामाचे द्वितीयेचे रूपही हुबेहूब तेच. नाम ध्वनिनियमाने बदलत गेले. आज माद्रिदमध्ये ते ‘पाथ’ आहे, मेक्सिकोत ‘पास’. क्रियापदही त्याच वाटेने जायचे, पण ‘पागा’, ‘पागो’ या भावंडांच्या ओढीने लोकांनी त्यातला ‘ग’ सोडला नाही. भाषाशास्त्रात याला सादृश्य म्हणतात. ‘देसीर’, म्हणजे सांगणे, याच्या बाबतीत ते घडले नाही, म्हणून त्याचे ‘दीगा’ खरोखरच अनियमित आहे. ‘कोसेर’, म्हणजे शिजवणे, याचे जुने ‘क्वेगा’ मात्र मागे पडून ‘क्वेसा’ रूढ झाले.

मुका ‘यू’ काढून टाका, असे लॅटिन अमेरिकेतले विद्वान आन्द्रेस बेयो आणि गार्सिया देल रिओ यांनी १८२३ मध्ये लंडनहून सुचवले होते. चिलेने १८४४ मध्ये बेयोंच्या सुधारणांपैकी काही स्वीकारल्याही. १९२७ मध्ये तो देश पुन्हा स्पॅनिश अकादमीच्या लेखनाकडे वळला.