ब्रोच आधी कागदावर घडायचा

जुन्या फ्रेंच ब्रोचपेक्षा मला त्यांची रेखाटनं काकणभर जास्तच आवडतात. या रंगीत चित्रांना तिथे 'गुआशे' म्हणतात. कागद बहुधा राखाडी, माप खऱ्या दागिन्याचं आणि रंग गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. उजेड डावीकडून, वरून येतो असं धरायचं. खरी गंमत माणकात बघा! उजेड खड्याच्या आत शिरून पलीकडे खुलतो, म्हणून त्याची डावी वरची बाजू गडद आणि उजवी खालची उजळ रंगवतात. मोत्याचं नेमकं उलटं. हेच चित्र पाहून गिऱ्हाईक पसंती द्यायचं आणि कारागीर कामाला लागायचे. पॅरिसच्या शोमे पेढीने अशी हजारो रेखाटनं जपली आहेत. छापलेली मिळाली तर भिंग घेऊनच बघा.