गुणांची नव्हे, वेळेची शिष्यवृत्ती

शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्या पिढीला चौथीची आणि सातवीची परीक्षा आठवते. शाळा सुटल्यावरचे जादा तास, बुद्धिमापन चाचणीची गाइडं, आणि यादीत नाव लागलं की घरोघरी वाटलेले पेढे. हुशारीचं कौतुक आणि गरजेला आधार, असा शिष्यवृत्तीचा साधा अर्थ आपल्या मनात ठसला आहे. कॉलेजात गेल्यावरही तो फारसा बदलत नाही. फी भरली जाते, मुलगा किंवा मुलगी शिकते, नोकरीला लागते, की शिष्यवृत्तीचं काम संपलं.

अशा शिष्यवृत्तीतून उद्योजक घडलेच नाहीत असं नाही. प्रफुल्लचंद्र राय १८८२ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले, रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतले, आणि कलकत्त्यात प्राध्यापकी करता करता १८९२ मध्ये त्यांनी औषधनिर्मिती सुरू केली. हजार रुपयांच्याही आतल्या भांडवलावर उभा राहिलेला तो उद्योग म्हणजे बेंगॉल केमिकल. पण राय यांना शिष्यवृत्ती मिळाली ती रसायनशास्त्र शिकण्यासाठी. कारखाना ही त्यांची स्वतःची जिद्द. उद्योजक घडावा याच हेतूनं विद्यापीठानं शिष्यवृत्ती द्यायची, ही कल्पना पुष्कळ अलीकडची आहे. तिचं काम कसं चालतं, हे एका उदाहरणानं पाहू.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल यॉक हे हृदयरोगतज्ज्ञ आणि जोश मॅकोवर हे वैद्यकीय उपकरणांचे संशोधक यांनी २००१ मध्ये ‘बायोडिझाइन’ नावाची फेलोशिप सुरू केली. डॉक्टर, इंजिनिअर, व्यवसायाचं शिक्षण घेतलेले तरुण असे चौघे एका गटात घ्यायचे आणि त्यांना साधारण वर्षभर विद्यावेतन द्यायचं. आता हातात पैसे आहेत, प्रयोगशाळा आहे, म्हणजे लगेच काहीतरी बनवायला लागायचं, असं आपल्याला वाटेल. तिथं नेमकी त्याचीच मनाई असते. सुरुवातीचे काही आठवडे गटानं रुग्णालयात जाऊन फक्त बघायचं. वॉर्डात, शस्त्रक्रियागृहात, अतिदक्षता विभागात उभं राहायचं आणि कुठं काय अडतंय याची टिपणं काढायची. अशा अडचणींची यादी शेकड्यांत जाते.

मग प्रत्येक अडचण एका वाक्यात लिहायची. अडचण कुणाची, कोणती, आणि ती सुटली तर काय साधेल, एवढंच त्या वाक्यात असायला हवं. उपाय मात्र त्यात डोकावता कामा नये. ही अट किरकोळ वाटते, पण सगळी मेख तिच्यातच आहे.

एक उदाहरण देतो. हृदयाचे ठोके मधूनच अनियमित होणाऱ्या रुग्णाला ‘होल्टर’ नावाचं यंत्र लावतात. छातीला वायरी, कमरेला डबी. नेहमीचा होल्टर एक-दोन दिवस नोंद घेई, आणि तेवढ्यात ठोका चुकला नाही तर हाती काहीच लागत नसे. आता, ‘जास्त चालणारा होल्टर हवा’ असं लिहिलं तर आपण थोडा बरा होल्टर बनवू. पण ‘रुग्णाच्या रोजच्या व्यवहारात अडथळा न आणता बरेच दिवस नोंद मिळायला हवी’ असं लिहिलं, तर डबी आणि वायरी असायलाच हव्यात का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. बायोडिझाइनचे फेलो डॉ. उदय कुमार यांनी २००६ मध्ये ‘आयरिदम’ ही कंपनी काढली. त्यांच्या कंपनीनं छातीवर चिकटवायची एक पट्टी तयार केली. वायर नाही, आणि नोंद चौदा दिवसांपर्यंत. २०१६ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात आली.

यादी तयार झाली की छाननी सुरू होते. असे रुग्ण किती? आज काय उपाय आहे? नवा उपाय आला तर त्याचे पैसे कोण देणार? पेटंट कुणाचं आहे? सरकारी मंजुरीला किती काळ लागेल? या चाळणीतून शेकडो अडचणींपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात. आपल्याला फार आवडलेली कल्पना स्वतःच्या हातानं खोडायची, हेच या वर्षातलं खरं शिक्षण.

हाच प्रयोग २००७ मध्ये आपल्याकडे आला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं दिल्लीची एम्स, आयआयटी दिल्ली आणि स्टॅनफर्ड यांनी मिळून तो सुरू केला. सुरुवातीच्या वर्षांत फेलो काही महिने स्टॅनफर्डला शिकत आणि नंतर इथल्या रुग्णालयांत हिंडत. इथल्या वॉर्डात दिसणाऱ्या अडचणी निराळ्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा शौचावर ताबा राहत नाही. नातेवाईक आणि मावशी थकून जातात, कातडी सोलवटते, जंतुसंसर्ग होतो, आणि संकोचापायी कुणी बोलत नाही. या अडचणीवर उपकरण तयार करणारी ‘कॉन्शुअर मेडिकल’ ही कंपनी या फेलोशिपमधूनच निघाली. वसतिगृहाच्या खोलीत बसून असा उद्योग कुणाला सुचला असता का?

महाराष्ट्रातही असं काम झालं आहे. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये राज्य सरकारच्या साहाय्यानं ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झालं. पुण्याच्या सीओईपी आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत त्याच्या शाखा निघाल्या. डॉक्टर आणि इंजिनिअर यांची एकत्र शिबिरं तिथं भरवली गेली. तिथून निघालेल्या एका कंपनीच्या डिजिटल स्टेथोस्कोपचा, रुग्णापासून दूर राहून छाती तपासायला, २०२० च्या कोरोना साथीत उपयोग झाला.

आता पैशाकडे येऊ, कारण घरात प्रश्न तिथंच अडतो. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावची मुलगी इंजिनिअर झाली. कॅम्पस इंटरव्ह्यूत नोकरी मिळाली आहे. घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता आहे, धाकटा भाऊ बारावीला आहे. तिच्याकडे चांगली कल्पना आहे, पण वर्षभर पगाराशिवाय राहणं तिला परवडत नाही. ज्याच्या वडिलांचा कारखाना आहे, त्याला हे वर्ष घरूनच मिळतं. फरक पुष्कळदा बुद्धीचा नसतो, त्या एका वर्षाचा असतो. ते वर्ष या मुलीला देणं, हेच अशा शिष्यवृत्तीचं काम आहे.

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०१६ मध्ये ‘निधी’ कार्यक्रमाखाली उद्योजकांसाठी फेलोशिप आणली ती याच विचारानं. महिना १० ते ३० हजार रुपये, साधारण वर्षभर. चांगल्या पगाराची नोकरी सोडल्यानं होणारं नुकसान थोडं तरी भरून निघावं, असा तिचा हेतू. हे विद्यावेतन होतं, कर्ज नव्हतं. धंदा जमला नाही तरी डोक्यावर बोजा राहत नाही.

परतीची वाटही हवी. काही आयआयटींनी सवलत दिली, की स्वतःचा उद्योग करून पाहणाऱ्यानं एखाद-दोन वर्षांनी पुन्हा कॅम्पस इंटरव्ह्यूला बसावं. २०१९ च्या राष्ट्रीय धोरणानं, स्टार्टअपसाठी सत्र किंवा वर्ष मध्ये थांबून पुन्हा शिक्षण सुरू करण्याची मुभा विद्यार्थ्यांना द्यावी, असं संस्थांना सुचवलं. अमेरिकेतल्या थील फेलोशिपनं २०११ पासून उलटी वाट धरली. सुरुवातीच्या वर्षांत तिचं म्हणणं असं, की कॉलेज सोडा आणि एक लाख डॉलर घ्या! तिच्यातूनही मोठ्या कंपन्या निघाल्या. पण वॉर्ड, कार्यशाळा, चूक दाखवणारे प्राध्यापक आणि परतीची वाट या गोष्टी विद्यापीठातच एकत्र मिळतात. आपल्या मुलांना त्यांची जास्त गरज आहे.

अर्ज करण्याआधी मुलांनी आणि पालकांनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. पैसे दरमहा मिळणार की हप्त्यांनी? पेटंट कुणाच्या नावावर राहील? संस्था कंपनीत हिस्सा मागेल का? २०१९ च्या धोरणात, संस्थेच्या सोयी वापरल्या तर २ ते ९.५ टक्के हिश्शाची तरतूद आहे. आणि चौथी, मार्गदर्शक कोण, आणि त्यांनी स्वतः कधी उद्योग केला आहे का?

एक मात्र खरं, की यातल्या बहुतेक कल्पना वर्षाअखेर गळून पडणार. मुलगा रिकाम्या हातानं परतला तर ‘पैसे वाया गेले’ असं आपण म्हणू नये. अडचण नीट बघायला शिकलेला माणूस कारखान्यात, रुग्णालयात, शिक्षकाच्या खुर्चीतही उपयोगी पडतो. चौथीच्या परीक्षेत प्रश्न छापलेला असायचा, आपण फक्त उत्तर शोधायचं. इथं प्रश्नच शोधून आणायचा असतो, आणि त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ गरिबाघरच्या मुलालाही मिळावा, एवढंच मागणं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)