चाकण ते चाकसू : जुनी वेगवान गाडी निवडताना

माझे काका राजस्थानात जयपूरजवळ चाकसू या गावी राहतात. आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. त्या दुष्काळी भागातली कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. त्यांना गलाई बांधव म्हणतात. काकांचे दुकानही त्यातलेच. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा घरात एकच विषय चालू होता, तो म्हणजे दादाची गाडी.

दादा जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. रोज कंपनीच्या बसने जातो, पण आठवड्यातून एक-दोनदा उशिरापर्यंत थांबावे लागते. तेव्हा स्वतःचे वाहन हवे. शिवाय लहानपणापासून त्याला वेगवान गाड्यांचे वेड. तीन वर्षांत त्याने पाच लाख रुपये साठवले होते. एवढ्यात तशी नवी गाडी येत नाही, म्हणून जुनी घ्यायचे ठरले. मला गाड्यांची माहिती पाठ असल्यामुळे त्याने मला ‘सल्लागार’ नेमले. पंधरा दिवसांत जे शिकलो ते इथे लिहीत आहे.

नुसती ताकद पाहू नका

मी आधी फक्त इंजिनाची ताकद पाहत असे. पण ताकद कोणते वजन ओढते हेही पाहावे लागते. पाठीवर २० किलोचा पिट्टू घेऊन धावलेल्या कोणत्याही कॅडेटला हे सांगायला नको.

दादाच्या यादीत तीन गाड्या होत्या. पहिली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१३ साली आलेली, १०५ पीएस ताकदीची. ती आपल्या पुण्याजवळ चाकणला बनत असे. दुसरी फियाटची अबार्थ पुंटो, २०१५ ची, १४५ पीएसची. तीही पुणे जिल्ह्यातली, रांजणगावची. तिसरी मारुतीची बलेनो आरएस, २०१७ ची, १०२ पीएसची. नुसते आकडे पाहिले तर बलेनो शेवटी. पण पोलोचे वजन सुमारे ११०० किलो आणि बलेनोचे सुमारे ९५०. भागाकार केला की पोलोला टनामागे ९५ पीएस मिळतात आणि बलेनोला १०७. अबार्थ १२० च्या आसपास जाऊन पहिलीच राहते, पण बलेनो पोलोच्या पुढे निघते.

गंमत रविवारची, गाडी रोजची

चाकसू राष्ट्रीय महामार्ग ५२ वर आहे. हाच रस्ता पुढे कोटा, इंदूर करत आपल्या धुळे, बीड, सोलापूरपर्यंत येतो. रस्ता सरळ आणि मोठा असल्याने गाडी पळवायचा मोह होतो. पण जयपूरच्या जवळ ट्रक, ट्रॅक्टर आणि सिग्नल यांच्यात तीच गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते आणि बाहेर ४५ अंश तापमान असते. म्हणून ट्रायल घेताना दोन्ही करून पाहावे. आम्ही प्रत्येक गाडी भर दुपारी एसी लावून गर्दीत वीस मिनिटे चालवून पाहिली. इंजिनाचा पंखा वेळेवर लागतो का, तापमानाचा काटा वर चढतो का, क्लच घसरतो का, हे अशा वेळीच कळते. सकाळच्या गारव्यात सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. फियाटने २०१९ मध्ये भारतातली विक्री थांबवली. अबार्थ कितीही आवडली तरी तिच्या भागांसाठी धावाधाव करावी लागणार. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, पण कंपनी इथे आहे. मात्र तिच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सची दुरुस्ती महाग पडते, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्याशिवाय ती घेऊ नये. बलेनो आरएस २०२० च्या सुमारास बंद झाली, पण तिच्यातले एक लिटरचे बूस्टरजेट इंजिन मारुतीने २०२३ मध्ये फ्रॉन्क्समध्ये पुन्हा आणले. काकांनी आणखी एक नियम घालून दिला. पाच लाखांतले चारच गाडीवर घालायचे आणि एक लाख टायर, ब्रेक, बॅटरी, विमा यांसाठी बाजूला ठेवायचा.

लाल पोलो

जयपूरला एका विक्रेत्याकडे आम्हाला लाल रंगाची पोलो जीटी दिसली. नंबर एमएच १४, म्हणजे पिंपरी-चिंचवडचे पासिंग. चाकणला बनलेली गाडी चाकसूला येणार म्हणून मला कोण आनंद झाला! गाडी आरशासारखी चमकत होती. दादा खूश. किंमतही बसत होती. विक्रेता म्हणाला, “आजच बयाणा द्या, उद्या गाडी राहणार नाही.”

मी पुढच्या सीटवर बसलो होतो. दादाने किल्ली फिरवली. इंजिन सुरू होण्यापूर्वी डॅशबोर्डवरचे इशारे देणारे सगळे दिवे क्षणभर लागतात आणि मग विझतात. यात एअरबॅगचा दिवाही असतो. त्या गाडीत बाकीचे दिवे लागले, एअरबॅगचा लागलाच नाही. मी दादाला पुन्हा किल्ली फिरवायला सांगितले. पुन्हा तेच.

दिवा लागून राहिला तर बिघाड आहे हे कुणालाही समजते. पण दिवा लागतच नसेल, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. अपघातात एअरबॅग उघडून गेल्या, नव्या बसवायला खर्च येतो, म्हणून दिवाच काढून टाकतात.

खरे सांगायचे तर मी दोन-तीन मिनिटे काहीच बोललो नाही. मलाही ती गाडी हवी होती. दादाचा चेहरा बघून तोंड उघडवेना. शेवटी काकांनीच विचारले, “मघापासून गप्प का रं? काय असंल ते बोल.” मग मी सांगितले. दादा चिडला. “एका दिव्यासाठी काय गाडी सोडायची?” काका शांतपणे म्हणाले, “आपल्या दुकानात कुणी सोनं आणलं तर ते कसाला लावल्याबिगर आपण घेतो का? पिवळं दिसतंय म्हणून?”

आम्ही बयाणा दिला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. त्याने बोनेट उघडताच पुढच्या मडगार्डच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा दाखवल्या. रेडिएटरच्या पुढच्या पट्टीला हाताने केलेले वेल्डिंग होते. स्कॅनर लावल्यावर एअरबॅगचा संशय खरा ठरला. ती गाडी एकदा समोरून जोरात धडकलेली होती, आणि पुन्हा धडकली असती तर एअरबॅग उघडल्याच नसत्या.

कसाला लावायच्या गोष्टी

त्यानंतर मिस्त्रीने मला शिकवलेली यादी अशी :

१. सगळ्या काचांवरचे शिक्के पाहा. एखादीच काच वेगळ्या कंपनीची किंवा नंतरच्या वर्षाची असेल तर कारण विचारा.

२. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा पाहा. सुरकुत्या किंवा नवे वेल्डिंग म्हणजे मागून मार बसला आहे.

३. टायरवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने टायर राजस्थानच्या उन्हात तडकतात.

४. मीटरवरचे किलोमीटर सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहा. ब्रेकचे पेडल आणि स्टिअरिंग गुळगुळीत झिजले असेल आणि मीटर ३० हजार दाखवत असेल, तर मीटर मागे फिरवलेले असू शकते.

५. जुनी विमा पॉलिसी मागा. त्यावर नो क्लेम बोनस लिहिलेला असतो. पाच वर्षे क्लेम नसेल तर तो ५० टक्के होतो. त्या लाल पोलोच्या पॉलिसीवर तो शून्य होता.

६. आरसीवर बँकेचा बोजा आहे का पाहा. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हवीच. परराज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने मालकी बदलाची माहिती ४५ दिवसांत आरटीओला द्यायची असते, त्याच राज्यातली असेल तर १४ दिवसांत.

यातले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक आणि टायर. विज्ञानाच्या पुस्तकात गतिज ऊर्जेचे सूत्र आहे, त्यात वेगाचा वर्ग असतो. म्हणून ताशी ८० वरून ब्रेक मारल्यावर गाडी ३५ मीटरांत थांबत असेल, तर १०० वरून तिला सुमारे ५५ मीटर लागतात. वेग सव्वापट आणि अंतर दीडपटीहून जास्त. जी गाडी जोरात पळते, तिला थांबवणारे भाग आधी तपासले पाहिजेत.

शेवटी काय घेतले?

दादाने निळ्या रंगाची बलेनो आरएस घेतली. मालक एकच, नोंदी पूर्ण, चारही चाकांना डिस्क ब्रेक. टायर मात्र जुने होते, ते बाजूला ठेवलेल्या लाखातून लगेच बदलले. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला, तेव्हा दादाने माझ्याकडे बघून डोळा मारला.

गाडी घरी आणण्याआधी आम्ही शील की डुंगरीला शीतला मातेचे दर्शन घेतले. परतताना रिकाम्या रस्त्यावर दादा म्हणाला, “सल्लागार, चालवतोस का थोडी?” हात शिवशिवत होते. पण अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मी म्हणालो, “दादा, अजून तीन वर्षे थांब.”

तोपर्यंत पुढच्या सीटवर बसून दिवे मोजायचे काम माझे.