हिमालयातील थंडी आणि घरचा स्वेटर

नाताळची सुटी जवळ आली की मुंबई-पुण्यातील डोंगरवेड्या कुटुंबांना सह्याद्री अपुरा वाटू लागतो. भर हिवाळ्यात हिमालयातील बर्फ तुडवणे ही एकेकाळी प्रामुख्याने गिर्यारोहण संस्थांतील तरुणांची मिरास होती. उत्तराखंडमधील केदारकंठासारख्या पदभ्रमणांनी हे चित्र पालटले आणि आता आठ-दहा वर्षांच्या मुलांना घेऊन आईवडीलही सांक्रीच्या वाटेला लागतात. त्याआधी अर्थातच खरेदी होते. ती बहुधा चुकीच्या टोकापासून, म्हणजे दुकानातील सर्वांत जाड जाकिटापासून सुरू होते.

सांक्री हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर, तर केदारकंठाचे शिखर सुमारे ३,८०० मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, असे मानले तर केवळ उंचीमुळे सुमारे १२ अंशांचा फरक पडतो. त्यात वाऱ्याची भर पडते. उणे ५ अंशांत ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, की उघड्या त्वचेला ती थंडी उणे १३ अंशांसारखी झोंबते. हे आकडे ऐकून जाड जाकिटाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चढणीवर शरीर स्वतःच भरपूर उष्णता निर्माण करते. जाड जाकिटात माणूस अर्ध्या तासात घामाघूम होतो आणि विश्रांतीसाठी थांबताच तोच घाम त्याला गारठवतो. कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. हिवाळी पदभ्रमणातील पोशाखाचा सारा विचार एवढ्याभोवतीच फिरतो: अंग कोरडे कसे ठेवायचे?

इथे पहिला बळी सुती बनियनचा जातो. कोकणच्या उकाड्यात सुती कपडा सुखाचा वाटतो तो घाम धरून ठेवतो म्हणूनच. बर्फात नेमका हाच गुण घातक ठरतो. जीन्सचेही तसेच. अंगाला लागून असणारा थर पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा हवा. खेळाच्या मैदानावर वापरला जाणारा साधा पॉलिस्टरचा टी-शर्ट या कामी उत्तम चालतो. त्यासाठी महागड्या थर्मलची सक्ती नाही. मधल्या थराचे काम हवा कोंडून धरण्याचे. आजीने विणलेला शुद्ध लोकरीचा स्वेटर हे काम आजही चोख करतो, कारण लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही. स्वेटर अॅक्रिलिकचा असला तरी बिघडत नाही, फ्लीस असेल तर तो वजनाला हलका. सर्वांत वरचा थर वारा आणि बर्फ अडवणारा हवा. सह्याद्रीतील पावसाळ्यात वापरलेला विंडचीटर इथे चालू शकतो, मात्र त्यातून आतील वाफ बाहेर पडत नसल्याने चढताना त्याची चेन उघडी ठेवणे भाग असते.

अनुभवी मंडळी म्हणूनच निघताना किंचित कुडकुडतच निघतात. पिसांचे जाकीट चालण्यासाठी नसून थांबण्यासाठी असते. ते सॅकच्या तळाशी न ठेवता अगदी वर ठेवावे आणि थांबताक्षणी, घाम गार होण्याआधी चढवावे. ते भिजले तर पिसे चिकटतात आणि ऊब संपते. म्हणून सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी लावून सामान तिच्यात भरावे.

लहान मुलांची गोष्ट मात्र वेगळी आहे. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात आणि खेळण्याच्या नादात ते त्यांना सांगायचे सुचत नाही. सर्वाधिक धोका पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसलेल्या बाळाला असतो. वडील चढून घामाघूम झालेले असतात, बाळ मात्र निश्चल बसलेले असते. शिवाय लोंबकळणाऱ्या पायांचा रक्तपुरवठा पट्ट्यांच्या दाबाने मंदावतो. वडिलांना उकडते म्हणून बाळाचे स्वेटर काढण्याची चूक इथेच घडते. दर थोड्या वेळाने बाळाच्या मानेला आणि पावलांना हात लावून पाहावे. खरे तर इतक्या लहान मुलाला हिवाळी बर्फात नेऊच नये. चालत्या मुलांच्या बाबतीत अडखळणे, बोबडे बोलणे, अचानक गप्प किंवा किरकिरे होणे या खुणा थकव्याच्या मानून सोडून देऊ नयेत. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेल्याची ती चिन्हे असू शकतात. अशा वेळी आडोसा, कोरडे कपडे आणि मूल पूर्ण शुद्धीवर असल्यास गरम, गोड पेय द्यावे व खाली उतरावे. हुडहुडी थांबली, पण मूल सुस्तच राहिले, तर ते सुधारणेचे नव्हे, बिघाडाचे लक्षण असते.

रात्रीचा प्रश्न स्लीपिंग बॅगचा. तिच्यावर छापलेल्या तापमानांपैकी 'एक्स्ट्रीम' हा आकडा जेमतेम जीव तगण्याचा असतो, झोपेचा नव्हे; निवड 'कम्फर्ट'चा आकडा पाहूनच करावी. हे आकडे प्रौढांसाठी ठरवलेले असल्याने मुलांसाठी त्याहून उबदार बॅग घ्यावी. मोठ्यांच्या बॅगेत मूल झोपवायचे असेल तर पायाकडचा रिकामा भाग दोरीने बांधून टाकावा, नाहीतर ती पोकळी तापवण्यातच त्याची रात्र जाते. बॅगेइतकेच महत्त्व खालच्या कॅरीमॅटला आहे, कारण अंगाखाली दबलेल्या भागाला ऊब राहत नाही आणि जमीन उष्णता ओढून घेते. बर्फावर एकाऐवजी दोन मॅट एकावर एक घालाव्यात. गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली तर रात्र सुखाची जाते, आणि सकाळी पाणीही गोठलेले नसते. तंबूत मात्र स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बूट दोन मोजे घालूनही बोटे हलतील इतके सैल हवेत, कारण आवळलेल्या पायाला रक्त पोहोचत नाही. मुलांचे हातमोजे एका नाडीच्या दोन टोकांना शिवून ती नाडी जाकिटाच्या बाह्यांतून ओवावी. हरवलेला एक हातमोजा वरच्या तळावर मिळत नाही.

भाड्याचे साहित्य सांक्रीत मिळते. परंतु लहान मापांची खात्री नसल्याने मुलांचे बूट, हातमोजे आणि कपडे घरूनच न्यावेत. ही सारी जुळवाजुळव आधी कळसूबाईच्या परिसरात, डिसेंबरच्या एखाद्या रात्री तंबूत राहून पडताळता येते. १,६४६ मीटरच्या या शिखराच्या पायथ्याशी बर्फ नसला तरी पहाटेचा गारठा पुरेसा बोचरा असतो. बॅग अपुरी पडते की नाही, मुलाला हातमोज्यांसह चेन लावता येते की नाही, कोणता बूट चावतो, हे तिथे कळले तर पहाटे उतरून गाडी गाठता येते.