पणती, समई आणि उत्खननातील दिवे

नागपूर विद्यापीठाने १९६७ साली पवनार येथे, व १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने पवनी येथे उत्खनन केले. अशा प्राचीन वसतिस्थानांतील खापरांचे वर्गीकरण करताना विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. तळहातावर मावणारी मातीची उथळ वाटी हा दिवा, की झाकणी? आणि दिवा असल्यास तो घरातला, की देवापुढचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वस्तूच देते : माती ओली असताना काठ चिमटीने दाबून काढलेली चोच, तिच्यावर धरलेली काजळी, अंगात मुरलेले तेल. दुसऱ्याचे उत्तर वस्तूच्या अंगी नसते, असे आमचे मत आहे; आणि त्यास भाषेचा आधार आहे.

‘दिवा’ हा शब्द संस्कृत ‘दीपक’, प्राकृत ‘दीवअ’ या क्रमाने आला. ‘वर्ति’ची ‘वात’ झाली. ‘पणती’ची गोष्ट निराळी. तिचे सोयरे कन्नडात आहे. आजच्या कन्नडात ‘हणते’ म्हणतात, परंतु जुने रूप ‘पणते’. कन्नडातील आद्य ‘प’चा ‘ह’ सुमारे दहाव्या ते चौदाव्या शतकांत होत गेला. मराठीत ‘प’ टिकून आहे. तेव्हा हा शब्द दोन्ही भाषांत सामायिक झाला तो हे परिवर्तन पूर्ण होण्यापूर्वीच, असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

याउलट, देवघरातील ‘समई’ पाहावी. तिचे मूळ अरबी ‘शमअ’ म्हणजे मेण, मेणबत्ती; फारसीच्या वाटेने तो शब्द आपल्याकडे आला. ‘निरांजन’ हे ‘नीराजन’चे रूप, आणि नीराजन हा मुळात राजाची शस्त्रे व घोडे ओवाळण्याचा विधी होता. म्हणजे पूजेतल्या दिव्याचे एक नाव परभाषेतून आले, दुसरे राजवाड्यातून. नावावरून पावित्र्य ठरवू पाहणाऱ्याची येथे फसगत होते.

पावित्र्य येते ते उपयोगाने. एरवी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवीत नाहीत. धनत्रयोदशीस मात्र यमासाठी तोच दिवा दक्षिणाभिमुख लावतात. आषाढी अमावास्येस घरातले रोजचेच दिवे घासूनपुसून पाटावर मांडले की तेच पूज्य ठरतात. अनेक घरांत दिवा ‘विझवला’ म्हणत नाहीत, ‘शांत केला’ म्हणतात; हा आदर कोणत्याही दिव्यास लागू आहे, मग तो स्वयंपाकघरातला का असेना.

म्हणून नोंदवहीत नुसता ‘दिवा’ लिहावा. ‘पूजेचा दिवा’ हे विशेषण त्याच्या स्थानावरून सिद्ध झाल्यावाचून जोडू नये. तो चुलीजवळ मिळाला, कोनाड्यात, की स्तूपाच्या पायाशी, हे प्रथम टिपावे. आणि खापरे धुण्यापूर्वी काठ पाहून घ्यावा. उत्साही हातांच्या कुंचल्याने काजळी एकदा निघून गेली, की दिव्याची झाकणी होण्यास वेळ लागत नाही.